आधी गुलाल, मग गर्दी: मालवणची सुट्टी नेमकं कोण सांभाळतं?

२१ डिसेंबर २०२५, रविवार. मालवण नगरपरिषदेचा निकाल लागला. गुलाल उडाला, फटाके वाजले, मिरवणुका निघाल्या.

त्यानंतर चारच दिवसांनी, २५ डिसेंबरला, गुरुवारी नाताळ. शुक्रवारची एक रजा टाकली की शनिवार-रविवार धरून चार दिवसांची सुट्टी. मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगावच्या गाड्या घाट उतरून थेट किनाऱ्याकडे. भरड नाक्यावर हॉर्न, बाजारपेठेत पाय ठेवायला जागा नाही आणि बंदर जेटीवर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्यांसाठी रांग.

म्हणजे नव्या नगरसेवकांच्या कपाळावरचा गुलाल पुसायच्या आतच शहराची वर्षातली मोठी परीक्षा सुरू झाली.

तुमच्या फीडवर या आठवड्यात मालवणचे दोन प्रकारचे व्हिडिओ आले असतील. एकात निळं पाणी, स्कूबा आणि सोलकढी. दुसऱ्यात ट्रॅफिक जॅम, कचऱ्याचा ढीग आणि खाली कमेंट, 'नगरपरिषद झोपली आहे का?'

प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' इतकं सोपं नाही. आधी नगरपरिषदेच्या हातात काय आहे आणि काय नाही, ते बघू.

निवडणूक इतकी उशिरा का झाली?

मालवणची याआधीची निवडणूक २०१६ च्या अखेरीस झाली होती. त्या सभागृहाची पाच वर्षं २०२१ च्या शेवटी संपली. १९९३ पासून लागू असलेली ७४ वी घटनादुरुस्ती स्पष्ट सांगते, की नगरपालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपण्याआधी पुढची निवडणूक झाली पाहिजे.

तसं झालं नाही. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांमधल्या ओबीसी आरक्षणाबद्दल निकाल दिला. आधी आयोग नेमून मागासलेपणाची माहिती गोळा करा, त्यानुसार प्रमाण ठरवा आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, अशा तीन अटी होत्या. मग बांठिया आयोग, त्याचा अहवाल, प्रभागरचनेचे बदल, त्यावरच्या याचिका. एकामागून एक तारखा पडत गेल्या.

शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या, असा आदेश दिला. ती मुदतही पाळता आली नाही. मग सप्टेंबरमध्ये ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची तारीख मिळाली. त्यानुसार २ डिसेंबरला राज्यातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी मतदान झालं. काही ठिकाणचं मतदान २० डिसेंबरला गेलं, म्हणून उच्च न्यायालयाच्या आदेशाने सगळीकडचा निकाल २१ डिसेंबरला लागला.

सिंधुदुर्गात ही निवडणूक जास्त गाजली. राज्यात एकत्र सत्तेत असलेले भाजप आणि शिंदे यांची शिवसेना इथे समोरासमोर होते. टीव्हीवर त्याचीच चर्चा झाली. पण कोणत्या पक्षाने कोणाला धडा शिकवला यापेक्षा मालवणच्या माणसासाठी एक गोष्ट मोठी होती. चार वर्षांनी त्याला पुन्हा नगरसेवक मिळाला.

नगरसेवक नव्हते, तर काय अडलं?

खरं सांगायचं तर रोजचं काम अडलं नाही. घंटागाडी येत होती, दिवे लागत होते, दाखले मिळत होते. सभागृहाचे अधिकार प्रशासकाकडे, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याकडे होते.

अडलं ते वेगळंच. प्रशासक आणि सभागृह यांच्यात एक मूलभूत फरक आहे. सभागृहात ठराव आला की त्यावर वाद होतो, विरोधक प्रश्न विचारतात, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. प्रशासकाच्या काळात तोच निर्णय एका टेबलावर, एका सहीने होतो. निर्णय बरोबरही असेल, पण तो का घेतला हे विचारणारा माणूस खोलीत नसतो.

दुसरी गोष्ट पैशांची. पंधराव्या वित्त आयोगाचा केंद्रीय निधी निवडून आलेल्या स्थानिक संस्थांसाठी होता. सभागृह नसलं की हा निधी अडकायचा. लहान नगरपरिषदेला तर हाच मोठा आधार. त्यातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता या कामांसाठीच राखून ठेवलेला होता. किनाऱ्यावरच्या शहराला नेमकं तेच हवं असतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात साधी. गटार तुंबलं तर फोन कोणाला करायचा? नगरसेवक हा तुमच्याच आळीतला माणूस असतो. तो बाजारात भेटतो, लग्नात भेटतो, त्याला टाळता येत नाही. अधिकारी बदलीवर येतो आणि बदलीवर जातो.

किनाऱ्यावर नगरपरिषदेचं राज्य किती?

घटनेच्या बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी १८ विषय दिले आहेत. पाणी, रस्ते, घनकचरा, सांडपाणी, दिवे, बागा, बांधकाम परवानगी असे. वाचताना वाटतं, सगळं शहर नगरपरिषदेच्याच ताब्यात आहे. किनाऱ्यावर गेलात की चित्र बदलतं.

होड्या, जेटी आणि जलक्रीडा यांचे परवाने महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. भरतीरेषेजवळच्या बांधकामाला सीआरझेडचे नियम. समुद्रात १९८७ साली जाहीर झालेलं मालवण सागरी अभयारण्य, म्हणजे तिथे वन्यजीव कायदा. मासेमारीसाठी मत्स्यव्यवसाय विभाग. मुख्य रस्त्यांपैकी काही सार्वजनिक बांधकाम विभागाचे. वाहतूक पोलिसांकडे. आणि या सगळ्यांवर समन्वय ठेवायला जिल्हाधिकारी.

याचा अर्थ काय होतो, हे दोन घटनांवरून समजतं.

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबासाठी पर्यटकांना घेऊन गेलेली बोट उलटली. दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. उन्हाळी सुट्टीचे शेवटचे दिवस होते. बोटीत माणसं किती घ्यायची, लाइफ जॅकेट आहे की नाही, हवामान बिघडत असताना बोट सोडायची की नाही, यातला एकही निर्णय मालवणच्या नगराध्यक्षांच्या हातात नव्हता.

दुसरी घटना राजकोटची. ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनी, छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो पुतळा कोसळला. राजकोट मालवण शहरातच आहे. पण पुतळ्याचं काम नौदल आणि राज्य सरकारच्या पातळीवर झालं होतं. पुढे तिथे नवा, जास्त उंच पुतळा उभा राहिला आणि पाहायला येणाऱ्यांची गर्दी वाढली. त्या गर्दीचं पार्किंग, पाणी, स्वच्छतागृह आणि कचरा मात्र शहराच्याच वाट्याला.

थोडक्यात, पर्यटक कशासाठी येतो ते वरच्या यंत्रणा ठरवतात. तो आल्यावर जे मागे उरतं, ते नगरपरिषद उचलते.

पर्यटक इतके येतात, मग पैसा कुठे जातो?

कमेंटमध्ये हमखास येणारा हा प्रश्न. इतकी हॉटेलं, इतकी गर्दी, नगरपरिषद श्रीमंतच असणार. प्रत्यक्षात तसं नसतं.

२०११ च्या जनगणनेनुसार मालवण शहराची लोकसंख्या १९ हजारांच्या आत आहे. म्हणून ही 'क' वर्ग नगरपरिषद. तिचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांची भाडी, बाजार फी, परवाना आणि बांधकाम शुल्क. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्येच गेली, त्याबदल्यात राज्याकडून सहायक अनुदान येतं. बाकी सगळी कामं वेगवेगळ्या योजनांच्या निधीवर.

आता तुम्ही हॉटेलात राहिलात. खोलीचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल, तर सप्टेंबर २०२५ पासून त्यावर ५ टक्के जीएसटी आहे. तो केंद्र आणि राज्याच्या तिजोरीत जातो. पेट्रोल भरलंत, तो करही तिकडेच. घाटात टोल भरलात, तो आणखी कोणाकडे. मालवणच्या नगरपरिषदेला तुमच्या चार दिवसांतून थेट मिळतं ते जवळजवळ काहीच नाही. फार तर पार्किंगची पावती.

वरून येणारं अनुदान ठरताना लोकसंख्या हा मोठा निकष असतो. आणि लोकसंख्या म्हणजे राहणारी माणसं. सुट्टीला येणारी नाहीत.

एक साधा हिशेब मांडू. समजा शहरात १८,६०० माणसं राहतात आणि प्रत्येकाला दिवसाला १०० लिटर पाणी लागतं. म्हणजे रोजचं १८ लाख ६० हजार लिटर. आता सुट्टीत ५,००० पाहुणे मुक्कामाला आले असं धरा. आणखी ५ लाख लिटर. गरज एकदम २७ टक्क्यांनी वाढली. टाकी तेवढीच, पाइप तेवढाच, सफाई कामगार तेवढेच. कचऱ्याचंही हेच गणित, उलट थोडं वाईट, कारण घरातला माणूस दिवसाला बाटलीबंद पाण्याच्या चार बाटल्या फेकत नाही. पाहुणा फेकतो.

(आकडे समजण्यापुरते धरले आहेत. पाहुणे ५,००० ऐवजी १०,००० धरा, मग बघा काय होतं.)

राहायचं तारकर्लीत, अडकायचं मालवणात

यात आणखी एक गाठ आहे. आपण 'मालवणला चाललो' म्हणतो, पण मुक्काम असतो तारकर्लीला, वायरीला किंवा देवबागला. ही शेजारची गावं, तिथे ग्रामपंचायती. मालवण नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर.

म्हणजे रिसॉर्टची घरपट्टी ग्रामपंचायतीला. पण पर्यटक मासळी खायला, खाजा आणि काजूगर घ्यायला, किल्ल्याची होडी पकडायला शहरात येतो. तारकर्लीची वाटही शहरातूनच जाते. गाडी अडकते ती बाजारपेठेत. भार शहरावर, पट्टी गावाला.

याचा अर्थ ग्रामपंचायती मजेत आहेत असा नाही. त्यांची परिस्थिती तर आणखी अवघड. देवबाग ही एका बाजूला कर्ली खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेली चिंचोळी पट्टी. तिथे रोज निघणारा कचरा टाकायला जागा कुठून आणायची? आणि ग्रामपंचायतीचं मनुष्यबळ ते किती?

खरं तर शहर आणि ही तीन-चार गावं यांचा मिळून एक कचरा प्रकल्प, एक वाहनतळ, एक पाण्याचं नियोजन असायला हवं. पण कायद्याच्या चौकटीत नगरपरिषदेचा रस्ता वेगळा आणि ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा वेगळा. त्यात सिंधुदुर्ग जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि डिसेंबर २०२५ मध्ये तिथली निवडणूक अजून बाकी होती. म्हणजे तेव्हा टेबलाच्या एका बाजूला लोकप्रतिनिधी बसले होते, दुसऱ्या बाजूची खुर्ची रिकामीच होती.

मग पर्यटकांवर कर लावला तर?

माथेरानला गेला असाल तर दस्तुरी नाक्यावर पावती फाडावी लागते. तो तिथल्या नगरपरिषदेचा प्रवासी कर. महाबळेश्वरलाही असाच कर घेतला जातो. मालवणात का नाही, असं विचारलं जातं.

कर लावणं शक्य आहे. वसूल करणं अवघड आहे. माथेरानला गाड्या एकाच नाक्यापर्यंत येतात, तिथेच सगळ्यांना थांबावं लागतं. मालवणला कुडाळकडून, कणकवलीकडून, आचऱ्याकडून, चिपी विमानतळाकडून अशा अनेक वाटा. प्रत्येक वाटेवर नाका लावला तर सुट्टीत त्या नाक्याचीच रांग लागायची. आणि रोज कामाला ये-जा करणाऱ्या आजूबाजूच्या गावच्या माणसाचं काय? फक्त जेटीवर कर घेतला, तर किल्ल्याला न जाणारा पर्यटक सुटतो.

दुसरा मार्ग म्हणजे मुक्कामावर छोटी फी. रात्रीमागे ठरावीक रक्कम, हॉटेलवाल्याने गोळा करायची. यात अडचण अशी, की इथली बरीच निवास व्यवस्था म्हणजे लोकांची राहती घरं. वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना. त्या घरातल्या बाईचं वर्षाचं उत्पन्न मे महिना, दिवाळी आणि नाताळ यावरच. तिच्यावर आणखी एक वही भरायचं काम टाकायचं, तर त्या पैशाचं काय होणार हे तिला आधी दिसलं पाहिजे.

इथे खरी मेख आहे. लोक कर भरायला नाराज नसतात. पावती फाटल्यावरही रस्त्यावर तोच कचरा दिसला, की नाराज होतात.

शेजारच्या वेंगुर्ल्याने काय केलं?

उत्तरासाठी लांब जायची गरज नाही. मालवणहून दक्षिणेला वेंगुर्ला. मालवणपेक्षाही लहान शहर, लोकसंख्या १२ हजारांच्या आसपास.

साधारण २०१५ पासून वेंगुर्ला नगरपरिषदेने कचऱ्यावर काम सुरू केलं. तेव्हाचे मुख्याधिकारी रामदास कोकरे यांचं नाव त्यामुळे राज्यभर पोहोचलं. कल्पना साधी होती. कचरा घरातच वेगळा करायचा. ओला वेगळा, प्लास्टिक वेगळं, काच वेगळी. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि खत. प्लास्टिकचे तुकडे करून रस्त्याच्या डांबरात. जिथे कचऱ्याचा डेपो होता, नाक दाबून जायला लागायचं, तिथे बाग झाली. लोक ती बघायला येऊ लागले. कचरा डेपो हेच पर्यटनस्थळ झालं.

म्हणजे लहान शहराला, 'क' वर्ग नगरपरिषदेला हे जमतं. पैसा कमी असतानाही जमतं.

पण वेंगुर्ल्याकडे बघताना एक गोष्ट विसरू नये. मुख्याधिकारी सरकार नेमतं आणि सरकारच बदली करतं. चांगला अधिकारी काम सुरू करू शकतो. ते दहा वर्षं चालू ठेवायचं असेल, तर त्या शहराला ते आपलं काम वाटलं पाहिजे. त्यासाठी सभागृह लागतं, नगरसेवक लागतात आणि कचरा वेगळा न करणाऱ्या शेजाऱ्याला टोकणारे नागरिक लागतात.

नव्या सभागृहाकडे काय बघायचं?

मालवणात दहा प्रभागांतून वीस नगरसेवक आहेत आणि नगराध्यक्ष थेट लोकांमधून निवडून आलेले. पुढच्या काही महिन्यांत तीन गोष्टींवर लक्ष ठेवा.

पहिली, अर्थसंकल्प. एप्रिलपासूनच्या वर्षाचा आराखडा येत्या दोन-तीन महिन्यांत सभागृहात येईल. त्यात 'सुशोभीकरणा'ला किती आणि पाणी, कचरा, सार्वजनिक स्वच्छतागृहांना किती, ते बघा. सेल्फी पॉइंटचं उद्घाटन होतं. मैलागाडीचं होत नाही. पण मे महिन्यात शहराला लाज वाटायची वेळ येते ती दुसऱ्या कारणाने.

दुसरी, शेजारच्या ग्रामपंचायतींशी बोलणी. वाहनतळ आणि कचरा यावर एकत्र बैठक झाली का? झाली तर इतिवृत्तात काय आलं?

तिसरी, जनगणना. ती २०२७ मध्ये पूर्ण होईल. लोकसंख्येच्या नव्या आकड्यावर पुढची अनेक वर्षं अनुदान ठरेल. मालवणची बरीच कुटुंबं मुंबईत आहेत. चाकरमानी गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात येतात, बाकी वर्ष घराला कुलूप. शहराला त्या घराचीही गटारं, रस्ता, दिवा सांभाळायचा असतो. म्हणून सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्याने सरकारकडे एक मागणी नेटाने लावून धरायला हवी. निधी ठरवताना सुट्टीतली गर्दीही मोजा. १९९७ साली सिंधुदुर्गाला देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केलं. जिल्हा पर्यटनाचा असेल, तर पर्यटकाला हिशेबात धरायला नको?

आणि आपण?

आपण चार दिवसांसाठी जातो. मत तिथे देत नाही, घरपट्टी तिथे भरत नाही. पण त्या शहराचं पाणी पितो, त्याच्या रस्त्यावर गाडी लावतो, कचरा तिथेच ठेवून येतो.

यावर उपाय फार मोठे नाहीत. स्वतःची पाण्याची बाटली न्या. गाडी बाहेर लावून बाजारपेठेत चालत जा, फोवकांडा पिंपळापासून जेटीपर्यंत चालताना मालवण जास्त दिसतं. होडीत लाइफ जॅकेट दिलं नाही, तर बसू नका. तुमच्या मुलांसाठी तेवढं तरी नक्की करा. जिथे पावती मागतात तिथे पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका, पावती मात्र मागून घ्या.

आणि पुढच्या वेळी कचऱ्याचा व्हिडिओ टाकाल, तेव्हा खाली 'नगरपरिषद झोपली आहे का' असं लिहिण्याआधी एक बघा. तो कचरा नगरपरिषदेच्या हद्दीत आहे की ग्रामपंचायतीच्या, की बंदराच्या जागेत? नेमक्या ठिकाणी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. सगळ्यांना मिळून विचारलेला प्रश्न कोणाचाच नसतो.

'येवा, कोकण आपलाच आसा' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. आपण त्यातलं 'येवा' लगेच मनावर घेतो. पुढचं 'आपलाच आसा' मात्र परतीच्या गाडीत बसताना विसरतो. आपलंच असेल, तर चार वर्षांनी पुन्हा भरलेल्या त्या सभागृहात काय चाललंय, याची चौकशी सुट्टी संपल्यावरही करायला हवी.